कोठाराची किल्ली

देशावरच्या जुन्या घरांत धान्याचं पेव असायचं. जमिनीत खोल खणलेलं, तोंडावर दगड, वरून माती. आमचा साताऱ्याकडचा खंडाळा तालुका पावसाच्या भरवशावरचा, त्यामुळे इथे पेवाची किंमत काय ते वेगळं सांगायला नको. धान्य घरातल्या सगळ्यांच्या कष्टाचं असायचं. पेव कधी उघडायचं, किती काढायचं, हे मात्र कर्ता ठरवायचा. विष्णुबावा ब्रह्मचारी यांचा निबंध वाचताना हे पेव सारखं डोळ्यांपुढे येतं.

विष्णू भिकाजी गोखले यांचा जन्म १८२५ सालचा, कोकणातल्या शिरवली गावचा. वडील लहानपणीच गेले, शिक्षण जेमतेम झालं. काही वर्षं सरकारच्या कस्टम खात्यात नोकरी केली, मग वैराग्य घेऊन सप्तशृंगीच्या डोंगरावर साधनेला बसले. तिथून उतरल्यावर गावोगाव व्याख्यानं. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी त्यांचे जाहीर वाद झाले आणि नाव सर्वतोमुखी झालं. आपल्याकडे बावांची आठवण राहिली ती बहुतेक एवढीच, वैदिक धर्माचे कैवारी म्हणून. हा त्यांच्यावरचा अन्याय आहे असं मला वाटतं. कारण १८६७ साली त्यांनी ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला, आणि त्यात जे मांडलं ते मराठीत तोवर कुणी मांडलं नव्हतं.

राजा आणि प्रजा मिळून एकच कुटुंब, हा बावांचा पाया. कुटुंबात भाऊ भावाला धान्य विकत नाही, मग राज्यात तरी का विकावं? जमीन सगळ्यांची. सगळ्यांनी मिळून पिकवायचं, पीक गावच्या कोठारात भरायचं, आणि ज्याला जेवढं लागेल तेवढं त्याने न्यायचं. कापडही राज्याने विणून घेऊन गावोगाव ठेवायचं. दागिनेसुद्धा सामाईक! मुलं पाच वर्षांची झाली की त्यांचं पालन आणि शिक्षण राज्याकडे, आणि ज्याचा जसा कल तसं त्याला काम. म्हाताऱ्यांना विश्रांती. लग्न दोघांच्या पसंतीने. पटलं नाही तर वेगळं होण्याची मोकळीक. गावोगाव आगगाडी आणि तारायंत्र. हे सगळं लिहिणारा माणूस भगव्या वस्त्रातला, हे विसरू नये. मार्क्सच्या ‘भांडवल’चा पहिला खंड जर्मनीत छापून निघाला तोही १८६७ सालीच. १८६९ साली कॅप्टन फेल्प्स यांनी बावांच्या निबंधाचं इंग्रजी भाषांतर केलं.

बावांच्या आधी सत्तर वर्षं, फ्रान्समध्ये एक माणूस अशाच कोठारापाशी येऊन पोचला होता. फ्रांस्वा नोएल बाबफ, १७६० साली पिकार्डी प्रांतात गरिबाघरी जन्मलेला. त्याचा व्यवसाय आपल्याला चटकन कळेल असा आहे: जमीनदारांच्या दप्तरातले जुने कागद चाळायचे आणि शेतकऱ्याकडून कोणता हक्क, कोणती पट्टी वसूल करता येईल ते शोधून द्यायचं. आपल्याकडे १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने सनदा तपासायला घेतल्या, तेव्हा घरोघरचे कागदांचे रुमाल सुटले. तसेच रुमाल सोडण्यात बाबफची तरुण वर्षं गेली. मोठ्यांच्या मालकीखाली काय दडलंय, हे त्याला त्या धुळीत उमगलं. पुढे क्रांती झाली, राजाचं डोकं उडालं, तरी पॅरिसमधली भाकरी महागच राहिली. बाबफने रोमन काळातल्या जमीनवाटपवाल्या ग्राकस बंधूंचं नाव स्वतःला घेतलं, ‘जनतेचा कैवारी’ अशा अर्थाच्या नावाचं वर्तमानपत्र चालवलं, तुरुंगवास भोगला. त्याचं म्हणणं असं की कायद्यापुढची समानता ताटात उतरली पाहिजे. प्रत्येकाने आपली पैदास सामाईक भांडारात आणावी आणि प्रत्येकाला सारखा वाटा मिळावा. त्यासाठी १७९६ साली त्याने साथीदारांसह सरकार उलथण्याचा गुप्त कट रचला. तो इतिहासात ‘समतावाद्यांचा कट’ म्हणून ओळखला जातो. आतल्याच एका लष्करी माणसाने फितुरी केली. मे महिन्यात धरपकड झाली, पुढच्या वर्षी वांदोम गावी खटला चालला आणि २७ मे १७९७ रोजी बाबफ गिलोटिनखाली गेला. त्याचा सहकारी बुओनारोती याने १८२८ साली या कटाचा इतिहास छापला, म्हणून तो विचार पुढच्या पिढ्यांच्या हाती लागला.

दोघांचं कोठार एक, पण वाटणी वेगळी. बाबफ सारखा वाटा मागतो, बावा गरजेपुरतं न्या म्हणतात. माझ्या मते बावा इथे पुढे आहेत. बाळंतिणीची आणि नांगर धरणाऱ्याची भूक सारखी मोजता येत नाही, हे एकत्र कुटुंबात वावरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. लग्नापर्यंत, मुलांपर्यंत ज्या धिटाईने ते गेले, ती धिटाईही मला मोठी वाटते.

बावांचं गणित अडतं ते किल्लीपाशी. कोठार कुणाच्या ताब्यात? राजाच्या. राजा शहाणा झाला की सगळं होईल, हा त्यांचा मनापासूनचा विश्वास. मुंबईत राहून त्यांनी कापसाच्या तेजीचा पैसा आणि १८६५ ची पडझड दोन्ही पाहिलं असणार. तरी उपाय त्यांनी राजापुढेच मांडला. बाबफने मात्र दप्तरं चाळली होती. ज्याच्या हातात किल्ली आहे तो ती आपण होऊन देत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्याने ती मूठभर कटवाल्यांच्या हाती द्यायचं ठरवलं, आणि एका फितुराने सगळं कोसळलं.

फेब्रुवारी १८७१ मध्ये बावा गेले. पुढच्याच महिन्यात बाबफच्या पॅरिसमध्ये लोकांनी स्वतः चालवलेला कम्यून उभा राहिला.

साताऱ्यात किल्ली कुणाकडे हा प्रश्न पुन्हा उघड्यावर आला तो १९४३ मध्ये. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या इंग्रजविरोधी प्रतिसरकारने जमीन सामाईक केली नाही, कोठारंही बांधली नाहीत. पण तंटे गावातच सोडवले, सावकाराच्या जाचाला आळा घातला, कर्ज काढून होणाऱ्या लग्नांऐवजी साधी लग्नं लावली. राजाला विनवणी नव्हती. गुप्तपणा होता, पण त्याच्या पाठीशी गावंच्या गावं होती. प्रतिसरकारच्या ‘पत्री’ शिक्षेच्या दहशतीबद्दल आजही दोन मतं ऐकू येतात, ती मी खोडत नाही. जवळजवळ तीन वर्षं पेवावरचा दगड कधी हलवायचा हे कलेक्टर कचेरीतून ठरत नव्हतं. ठरवणारे पंच गावातलेच होते, आणि ते चुकले तर त्यांना जाब विचारणाराही शेजारच्याच आळीत राहत होता.