धर्मभेद आणि वैर : रेघ कोठे पडते?

शिक्षकांच्या शिबिरात विज्ञानाच्या प्रयोगांवर बोलून झाले की शेवटचा अर्धा तास मोकळ्या प्रश्नांसाठी ठेवण्याची आमची पद्धत आहे. मागे अशाच एका शिबिरात नववीला शिकवणाऱ्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, "इतिहासाच्या तासाला एका मुलाने विचारले, जगात धर्मच नसते तर दंगली झाल्याच नसत्या, नाही का? मी काय सांगायला हवे होते?" आम्ही सगळे धर्म प्रेमच शिकवतात, असे काहीतरी गुळमुळीत बोललो. बाईंच्या चेहऱ्यावरून दिसत होते की हे उत्तर त्यांनी वर्गात देऊन पाहिले होते आणि मुलाचे समाधान झाले नव्हते. त्या मुलाला आता जरा उशिराने उत्तर देऊन पाहू.

विज्ञानाच्या रीतीने प्रश्न असा मांडता येईल. धर्मांतील फरक आणि हिंसा या दोन गोष्टी अनेकदा एकत्र दिसतात. मग पहिली गोष्ट दुसरीचे कारण आहे का? तसे असेल तर जेथे जेथे फरक आहे तेथे तेथे थोडेफार वैर दिसले पाहिजे आणि फरक जितका मोठा तितके वैर मोठे असायला हवे. हे पडताळून पाहता येते.

आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन या राज्यशास्त्रज्ञांनी १९५० ते १९९५ या काळातील 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबई आवृत्तीचे अंक चाळून भारतातील हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद तयार केली. तिच्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. त्या काळात भारतातील बहुसंख्य लोक खेड्यात राहत होते, पण दंगलीतील मृत्यूंपैकी खेड्यांतील मृत्यू चार टक्क्यांहूनही कमी होते. दुसरे असे की अहमदाबाद, मुंबई, अलीगढ, हैदराबाद, मीरत, बडोदा, कोलकाता आणि दिल्ली या आठच शहरांत सुमारे ४६ टक्के बळी गेले होते. या आठ शहरांत देशाच्या शहरी लोकसंख्येपैकी फक्त १८ टक्के लोक राहत होते. (१९४७ सालच्या फाळणीत पंजाबमधील खेडी शांत नव्हती, हे येथे विसरता कामा नये. ही नोंद त्यानंतरच्या काळाची आहे.) श्रद्धा, पूजा, सण यांतील फरक तर देशभर सारखाच होता. मग बाकीची शहरे शांत कशी राहिली?

लखनौचे उदाहरण याहून चमत्कारिक आहे. तेथे हिंदू आणि मुसलमान यांच्यात मोठी दंगल क्वचितच झाली. पण विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे शिया आणि सुन्नी यांच्यात पुन्हा पुन्हा रक्तपात झाला. ज्यांचा ग्रंथ एक, प्रेषित एक, तेच लढले. ज्यांचे सगळेच वेगळे, ते चिकनच्या कापडाच्या धंद्यात एकमेकांशी व्यवहार करत राहिले. तेव्हा 'फरक जितका मोठा तितके वैर मोठे' हा नियम काही टिकत नाही.

आता उलट बाजूने पाहू. मुळात फरक नसतानाही वैर तयार करता येते का? मुझफ्फर शेरीफ या मूळच्या तुर्की मानसशास्त्रज्ञाने हे करून पाहिले. १९१९ साली ग्रीक सैन्य इझ्मीरला उतरले, तेव्हाचा हिंसाचार त्यांनी कोवळ्या वयात पाहिला होता. पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्यावर १९५४ साली त्यांनी ओक्लाहोमातील रॉबर्स केव्ह नावाच्या वनउद्यानात अकरा वर्षांच्या बावीस मुलांचे उन्हाळी शिबिर भरवले. मुले निवडताना फार काळजी घेतली होती. सगळी गोरी, मध्यमवर्गीय, अभ्यासात बरी आणि सगळी प्रोटेस्टंट पंथाची. फरक म्हणून काही शिल्लकच ठेवला नव्हता.

मुलांचे दोन गट पाडून त्यांना वेगवेगळ्या जागी उतरवले. पहिला आठवडाभर एका गटाला दुसरा गट आहे हेच ठाऊक नव्हते. मग त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा लावल्या. जिंकणाऱ्या गटातील प्रत्येकाला चाकू मिळणार होता आणि हरणाऱ्यांना काहीच नाही. थोड्याच दिवसांत एका गटाने दुसऱ्याचा झेंडा जाळला, राहण्याच्या खोल्यांवर छापे पडले. समोरचा गट जवळून जाऊ लागला की मुले नाक दाबून धरत. दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले तर ती एकमेकांच्या अंगावर अन्न फेकू लागली. म्हणजे नुसते एकत्र बसवण्याचा उपयोग झाला नाही. मग शेरीफ यांनी शिबिराचे पाणी बंद पडले, अन्न आणणारा ट्रक सुरूच होत नाही, असे प्रसंग घडवून आणले. ट्रक एका गटाला ओढवेना. तेव्हा रस्सीखेचीचाच दोर बांधून दोन्ही गटांनी तो मिळून ओढला. अशा कामांनंतर हळूहळू वैर विरले.

हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत नेहमी आढळतो. पण आदल्या वर्षीच, १९५३ साली, न्यूयॉर्क राज्यात केलेला शेरीफ यांचाच प्रयोग फसला होता, हे फारसे सांगितले जात नाही. त्या वेळी मुलांना आधी एकत्र राहू दिले होते. त्यांच्या मैत्र्या जमल्यानंतर त्यांचे दोन गट केले. संशोधकांनी नाना प्रकारे आगी लावून पाहिल्या, पण मुले भांडेनात. ही मोठी माणसेच काहीतरी कारस्थान करत आहेत, हे त्यांनी ओळखले. प्रयोग गुंडाळावा लागला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा लोकांना फसलेला प्रयोग पुष्कळदा यशस्वी प्रयोगाहून अधिक शिकवतो. येथेही तसेच झाले आहे, असे आम्हाला वाटते. रेघ पडण्याआधी ओळख झालेली होती आणि ती ओळख पुरेशी ठरली.

या दोन्ही प्रयोगांत धर्माचा संबंध नव्हता. तो आला लेबनॉनमध्ये. १९६३ साली लुत्फी दियाब यांनी बैरूतमधील अकरा वर्षांच्या अठरा मुलांना घेऊन शेरीफ यांच्याच पद्धतीने शिबिर भरवले. मुलांपैकी दहा ख्रिस्ती आणि आठ मुसलमान होती. 'निळी भुते' आणि 'लाल जिन' अशा नावांचे दोन गट झाले. प्रत्येक गटात पाच ख्रिस्ती आणि चार मुसलमान होते. भांडणे झाली, तीही अशी की समेटाचा टप्पा येण्याआधीच शिबिर आवरते घ्यावे लागले. पण भांडण ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान असे झाले नाही. ते निळे विरुद्ध लाल असे झाले. शेकडो वर्षांच्या धर्मभेदावर काही दिवसांच्या रंगभेदाने मात केली.

त्यानंतर बाराच वर्षांनी, १९७५ साली, त्याच बैरूतमध्ये यादवी युद्ध पेटले. शिबिरातली ती मुले तेव्हा तेवीस वर्षांची असतील. शहराच्या मधोमध एक रेघ पडली. पूर्वेला ख्रिस्ती वस्ती, पश्चिमेला मुख्यतः मुसलमान वस्ती. मधल्या ओसाड पट्ट्यात गवत आणि झुडपे माजली, म्हणून त्या रेघेला 'हिरवी रेघ' म्हणत. लेबनॉनच्या ओळखपत्रावर त्या काळी धर्म लिहिलेला असे. रस्त्यावर अडवून ओळखपत्र पाहून माणसे मारली गेली. हे युद्ध १९९० पर्यंत चालले.

शहर तेच, धर्म तेच. मग १९६३ च्या शिबिरात आणि १९७५ च्या शहरात फरक कोणता? शिबिरात झेंडा, बक्षीस, जेवण, झोपायची जागा हे सारे लाल-निळ्या रेघेप्रमाणे वाटले होते. लेबनॉन देशात ते पंथाच्या रेघेप्रमाणे वाटले होते. १९४३ च्या राष्ट्रीय करारानुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया असावा असे ठरले होते. संसदेतील जागा ख्रिस्ती सहा तर मुसलमान पाच या प्रमाणात असत. या वाटणीला आधार होता १९३२ च्या जनगणनेचा. त्यानंतर अधिकृत जनगणना झालीच नाही, कारण नवे आकडे आले तर वाटणी बदलावी लागली असती. मतदारसंघ, नोकरी, लग्न, वारसा, सारे पंथाच्या दारातून मिळे. शेजाऱ्याच्या पंथात मूल जन्मले तर आपला वाटा कमी होतो, असा हिशेब मनात येऊ शकेल अशी ही रचना होती. यादवीला इतरही कारणे होती. पॅलेस्टिनी निर्वासितांचा प्रश्न होता, शेजारी देशांचे हस्तक्षेप होते. पण बाहेरची काडी पडली तेव्हा आग कोणत्या रेघेने पसरणार, हे आधीच ठरलेले होते.

येथे कोणी विचारील, मग धर्म हे नुसते निमित्तच का? तसे म्हणणेही खरे नाही. नाव, पोशाख, जेवण, लग्न, अंत्यविधी यांतून धर्म जन्मापासून माणसाला चिकटतो आणि सहज ओळखू येतो. फुटबॉलच्या संघाची आवड तशी चिकटत नाही. शिवाय धर्मात काही गोष्टी पवित्र असतात आणि पवित्र गोष्टींचे हिशेब निराळे असतात. पाण्याच्या वाटपाचे भांडण 'अर्धे तुला, अर्धे मला' म्हणून मिटते. पवित्र स्थळाचे तसे मिटत नाही. जेरेमी गिंजेस, स्कॉट अट्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. एखादी पवित्र मानलेली गोष्ट सोडण्याच्या बदल्यात पैसा देऊ केला, तर लोक नरम होण्याऐवजी अधिकच संतापत. समोरच्याने मात्र त्याला प्रिय असलेला एखादा दावा सोडला, तर संताप कमी होई. म्हणजे धर्म भांडणाला जन्म देतोच असे नाही, पण पेटलेले भांडण मिटवणे तो कठीण करतो. आमच्या मते त्या मुलाच्या प्रश्नाच्या उत्तराचा हा अर्धा भाग त्याला प्रामाणिकपणे सांगायलाच हवा.

उरलेला अर्धा भाग अफवेशी निगडित आहे. जानेवारी १९९३ मध्ये आम्ही मुंबईच्या एका उपनगरात सातवीत शिकत होतो. त्या दिवसांत आमच्या इमारतीत रात्री पुरुष गच्चीवर पहारा देत. पाण्याच्या टाकीत विष टाकणार आहेत, अशी बातमी एका संध्याकाळी आली. दोन दिवस कोणी टाकीचे पाणी प्यायले नाही. विष टाकणारे कोण, तर रस्त्यापलीकडचे. त्या रस्त्यापलीकडे आमच्या इमारतीतल्या एकाही कुटुंबाच्या ओळखीचे घर नव्हते. फोन करून विचारणार कोणाला? पलीकडच्या चाळीतही त्याच रात्री आमच्याविषयी तशीच बातमी पसरली होती, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी महाविद्यालयात तिथल्याच एका मित्राकडून कळले. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये सुमारे ९०० माणसे मारली गेली.

मुंबईजवळच्या भिवंडीत मात्र त्या वेळी शांतता राहिली. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. १९७० आणि १९८४ साली तेथे भीषण दंगली झालेल्या होत्या, त्यामुळे तेथेच आधी भडका उडेल असे अनेकांना वाटत होते. पण १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही धर्मांचे लोक नेमाने एकत्र बसत आणि गटार, दिवे, भांडणे अशा साध्यासुध्या गोष्टींवर बोलत. दंगलीच्या दिवसांत कसे वागावे याचे धडे देण्याची वेळ येण्याआधीच लोकांना एकमेकांची नावे आणि घरे माहीत झाली होती. अफवा आली की तिची शहानिशा करायला माणूस होता.

वार्ष्णेय यांनी अलीगढ आणि कोझिकोडे या शहरांची तुलना केली तेव्हा हेच दिसले. दोन्ही ठिकाणी मुसलमानांचे प्रमाण साधारण सारखे, एक तृतीयांशाहून थोडे अधिक. अलीगढमध्ये दंगली होत राहिल्या, कोझिकोडे शांत राहिले. कोझिकोडेच्या ८३ टक्के लोकांनी सांगितले की हिंदू-मुसलमान अनेकदा एकत्र जेवतात. अलीगढमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होते. आमची मुले एकत्र खेळतात, असे कोझिकोडेतील सुमारे ९० टक्के कुटुंबे म्हणाली आणि अलीगढमधील फक्त ४२ टक्के. त्याहूनही महत्त्वाचे ठरले ते व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालये यांतले सभासदत्व. शेजाऱ्याशी गोडीगुलाबी असणे चांगलेच, पण तणाव वाढला की ती लवकर तुटते. दोघांचे काम आणि दोघांचा फायदा एकाच संस्थेत गुंतलेला असेल, तर ती संस्था वाचवायला दोघेही धावतात. रॉबर्स केव्हच्या ट्रकची आठवण येथे यावी.

रेघ किती लवकर पडते, हे उत्तर आयर्लंडमध्ये मोजले गेले आहे. कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील तेथील संघर्षात १९६९ ते १९९८ या काळात ३,५०० च्या आसपास माणसे गेली. दोन्ही पंथांची माणसे दिसायला सारखी, भाषा एक. तरी नाव, शाळा, इतकेच काय 'एच' या इंग्रजी अक्षराचा उच्चार 'हेच' करतो की 'एच', यावरून समोरच्याचा पंथ ओळखला जाई. पॉल कॉनोली आणि सहकाऱ्यांनी तेथील तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी बोलून २००२ साली अहवाल प्रसिद्ध केला. सहा वर्षांपर्यंत एक तृतीयांश मुले आपण अमुक बाजूचे असे समजू लागली होती आणि सुमारे १५ टक्के मुले दुसऱ्या बाजूविषयी वाईट बोलत होती. धर्मग्रंथातला फरक सांगता येईल असे हे वय नव्हे. तेथील बहुतेक शाळा पंथवार वेगळ्या. दोन्ही पंथांची मुले मुद्दाम एकत्र शिकवणारी पहिली शाळा, लॅगन कॉलेज, १९८१ साली २८ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. आजही तेथील दहांतील एकाहून कमी मूल अशा शाळेत जाते.

शिबिरातल्या त्या बाईंना तेव्हा एक विचारायचे राहून गेले. तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या बाकावर त्याच्या शेजारी कोण बसत होते?