मे महिन्यात शेगडीला सुट्टी : घरच्या घरी कॉफीचा गार अर्क

नागपूरचा मे महिना कसा असतो, हे नागपूरकरांना सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी येथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत कूलरसमोर बसलेला माणूसही घामाघूम होतो. मग शेगडीपुढे उभ्या असलेल्या बाईचे काय होत असेल? तरी पाहुणे आले की आपण सहज म्हणून जातो, "जरा चहा टाक."

आमच्या घरी रविवारी मंडळाची बैठक असते. दहा-बारा माणसे जमतात. मागच्या उन्हाळ्यात अभ्यासिकेच्या खर्चावर चर्चा चालू असताना आमची सौ. तीन वेळा चहा करायला उठली. शेवटी मी तिला विचारले, "तुझे मत काय?" ती म्हणाली, "मी ऐकले कुठे? मी तर आतच होते." हे उत्तर मनाला लागले. त्यातूनच कॉफीच्या गार अर्काचा खटाटोप सुरू झाला.

नागपूरला कॉफी नवी नाही. १९५७ साली कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसे बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था उभारल्या आणि तीच कॉफी हाऊसे स्वतः चालवली. १९५८ अखेरपर्यंत नागपुरातही अशी संस्था झाली होती.

बाटलीतला अर्कही जुनाच. ग्लासगोच्या पॅटरसन कंपनीने १८७६ मध्ये 'कॅम्प कॉफी' काढली. तिच्या चित्रात गोरा सैनिक बसलेला आणि शीख नोकर तबक घेऊन शेजारी उभा, असे होते. पुढे ते तबक गेले आणि आताच्या चित्रात दोघेही शेजारी बसून कॉफी पितात. उभ्या असलेल्या माणसाला बसायला जागा मिळायला एवढा काळ लागला!

साहित्य : भरड दळलेली कॉफी १०० ग्रॅम, उकळून गार केलेले पाणी अर्धा लिटर, झाकणाची काचेची बरणी, बारीक गाळणी आणि धुतलेले मलमलचे फडके.

कृती : कॉफी चिकोरी न मिसळलेली घ्यावी. दुकानदाराकडून जाड रव्यासारखी दळून आणावी. फिल्टर कॉफीची बारीक पूड वापरल्यास अर्क गढूळ होतो आणि गाळताना जीव मेटाकुटीस येतो. बरणी गरम पाण्याने धुऊन कोरडी करावी. तीत कॉफी व पाणी घालून लाकडी चमच्याने हलवावे, म्हणजे सगळी पूड भिजते. झाकण लावून फ्रिजमध्ये सोळा ते अठरा तास ठेवावे. नंतर आधी गाळणीतून व मग फडक्यातून गाळावे. फडके जोराने पिळू नये, गाळ खाली उतरतो.

पूड सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून अर्धा लिटर पाण्यातून साधारण ३०० मिलिलिटर अर्क मिळतो. एका पेल्याला ५० मिलिलिटर अर्क आणि त्याच्या दुप्पट गार पाणी किंवा दूध. म्हणजे सहा पेले झाले. साखर थंड पेयात लवकर विरघळत नाही, तेव्हा पाक करून ठेवावा. उरलेला चोथा कचऱ्याच्या खतात टाकावा.

पहिल्या वेळी माझी फजिती झाली. पुस्तकी ज्ञानावर विसंबून बरणी रात्रभर ओट्यावर ठेवली. थंड प्रदेशात ते चालत असेल, पण आपल्या मे महिन्यात नाही. सकाळी आंबूस वास आला आणि सगळी कॉफी मोरीत गेली. म्हणून भिजवणे फ्रिजमध्येच. गाळलेला अर्कही फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावा. दूध घातलेली कॉफी लगेच प्यावी.

गरम पाणी कॉफीतील कडूपणा व आंबटपणा झपाट्याने ओढून घेते. गार पाणी हे काम सावकाश आणि कमी करते, त्यामुळे चव मऊ लागते. पण मऊ म्हणजे सौम्य नव्हे! कॅफीन गार पाण्यातही उतरते. वरील मापाच्या एका पेल्यात ते शंभर मिलिग्रॅमच्या वरही जाऊ शकते, आणि रोबस्टा जातीच्या कॉफीत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. तेव्हा अर्क नुसता पिऊ नये, लहान मुलांना देऊ नये. जेवणाबरोबर कॉफी घेतल्यास अन्नातील लोह अंगी कमी लागते, म्हणून रक्त कमी असलेल्या भगिनींनी जेवणानंतर तासभर थांबावे. आणि उन्हातून आलेल्या माणसाला आधी माठातले पाणी, पन्हे किंवा ताक द्यावे. कॉफी हा उन्हावरचा उपाय नाही.

आता शनिवारी रात्री मीच बरण्या भरतो. बारा माणसांना दोन लागतात. रविवारी दुपारी गाळतो आणि संध्याकाळी सतरंजीवर अर्क, गार पाणी, दूध आणि पाकाची वाटी मांडून ठेवतो. ज्याने त्याने आपला पेला करून घ्यावा आणि धुऊन ठेवावा, असा नियम केला आहे. गेल्या बैठकीत सौ. वही घेऊन आमच्यात बसली होती. वीजबिलाची रक्कम दोनदा धरली गेल्याचे तिनेच दाखवले. मी बी.कॉम., रोज ऑफिसात आकड्यांतच असतो, तरी माझ्या नजरेतून ते सुटले होते!

वाचक बंधूंनो, कृती सोपी आहे. येत्या शनिवारी करून पाहा. मात्र बरणी तुम्हीच भरा.