थकबाकी वेगळी, सामान वेगळं: कमिटीने स्टोअररूमला कुलूप लावलं तर काय कराल?

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे मुलांपेक्षा पालकांचीच गर्दी जास्त. मागे लकडगंजच्या एका फ्लॅट स्कीममधल्या एक आपा आल्या. मुलीच्या ओबीसी दाखल्यासाठी आजोबांचा १९६७ पूर्वीचा शाळेचा दाखला हवा होता. तो होता तळमजल्यावरच्या सामायिक स्टोअररूममध्ये, लोखंडी पेटीत. नवऱ्याच्या इंतकालनंतर मेंटेनन्स थकला आणि कमिटीने खोलीचं कुलूप बदललं. "आधी पैसे भरा, मग किल्ली," एवढंच उत्तर मिळून राहिलं होतं.

अशा वेळी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. थकबाकी हा एक विषय आहे, सामान हा दुसरा. मेंटेनन्स भरावाच लागतो, त्यात सूट नाही. पण तो वसूल करायचा रस्ता कायद्याने ठरवून दिला आहे. नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५४-ब-२९ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला घ्यावा लागतो. आपल्या मनाने सदस्याचं सामान अडकवून ठेवणं हा तो रस्ता नव्हे.

आता दुसरी बाजू. स्टोअररूम बहुतेक वेळा आपल्या मालकीची नसते. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० मध्ये तळघर, पार्किंग आणि सामान ठेवायची जागा या सामायिक जागांत धरल्या आहेत, डिक्लरेशनमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे वापरायचा हक्क सगळ्यांना, अडवून ठेवायचा कोणालाच नाही. जिन्यात किंवा बाहेर पडायच्या वाटेवर पेट्या, गाद्या ठेवल्या असतील, तर त्या हटवायला सांगणारी कमिटी बरोबरच आहे. लकडगंजसारख्या लाकडाच्या बाजाराच्या वस्तीत आगीची भीती काय असते, हे आपल्याला सांगायला नको.

मग करायचं काय?

पहिलं, आपली इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, ते बघा. बोलताना आपण सगळ्यांनाच सोसायटी म्हणतो. शेअर सर्टिफिकेट असेल तर सहकारी संस्था. 'डीड ऑफ अपार्टमेंट' असेल तर अपार्टमेंट.

दुसरं, सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या. आत काय काय आहे त्याची यादी, कागद कधीपर्यंत लागतात ती तारीख आणि खोली उघडण्यासाठी मागितलेला दिवस लिहा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. थकबाकी हप्त्याने भरायची तयारी असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज करा, दोन्ही विषय एका कागदात मिसळू नका.

तिसरं, खोली उघडेल तेव्हा दोन साक्षीदार ठेवा, फोटो काढा, काय घेतलं त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. उद्या कोणी कोणावर आळ घेणार नाही.

चौथं, ऐकलंच नाही तर सोसायटीच्या सदस्याने उपनिबंधकांकडे तक्रार करावी. कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येतं, तातडीचा अंतरिम आदेशही मागता येतो. अपार्टमेंटवाल्यांनी दाद कुठे मागायची, ते आधी विचारून घ्यावं. वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे महिलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

सामान गायब झालं किंवा मोडलेलं दिसलं तर पोलिसांत लेखी तक्रार द्या. पण रागाच्या भरात कुलूप मात्र तोडू नका. खरी बाजू असूनही गुन्हा आपल्यावरच नोंदला जायचा.

आपांनी यादीसह अर्ज दिला. तिसऱ्या दिवशी कमिटीच्या दोघांसमोर खोली उघडली, पेटी निघाली. थकबाकीचे हप्ते त्या अजून भरत आहेत. आणि असे जुने दाखले स्टोअररूममध्ये नाही, घरातल्या कपाटात ठेवायचे, हे त्यांनी मलाच शिकवलं.