परत जाणाऱ्यांची मुलं

दिवाळी सरली की वारणेच्या काठाला ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडून आलेल्या जोड्या, फडाजवळ उभ्या राहिलेल्या कोप्या, पहाटेच्या थंडीत तोडीला निघालेली माणसं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला हे नवं नाही. तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून साखर कारखाना उभा केला, त्याच्या आधारानं शाळा, महाविद्यालयं, बालवाद्यवृंद वाढला. या साऱ्याच्या मुळाशी ऊस आहे. तो तोडणाऱ्यांची कितीतरी पोरं मात्र शाळेऐवजी फडात धाकट्या भावंडांना सांभाळत बसतात. ‘चार-पाच महिन्यांनी जाणारच आहेत’, एवढ्यावर विषय संपतो.

युरोपनं हेच म्हणत कित्येक वर्षं घालवली. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले आणि त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटलं. पाहुणा परत जाणार, मग त्याच्या मुलांना आपल्यात कशाला मिसळायचं? बव्हेरियात तुर्की मुलांसाठी वेगळे वर्ग भरले. १९७७ मध्ये युरोपीय समुदायानं स्थलांतरित कामगारांच्या मुलांना यजमान देशाची भाषा शिकवा, मातृभाषेचंही शिक्षण द्या, असा निर्देश काढला. पण तो सदस्य देशांच्या नागरिकांपुरता होता, आणि मातृभाषेमागचा हेतूही मुख्यतः मुलांना मायदेशी परतणं सोपं जावं हा होता. पाहुणे राहिले, त्यांची नातवंडं तिथंच जन्मली. २०१० मध्ये अँगेला मर्केल यांनी बहुसांस्कृतिक समाजाचा प्रयोग साफ फसल्याचं जाहीर केलं.

मला हे निदान अर्धवट वाटतं. माणसं शेजारी राहिली, पण एकमेकांबद्दल शिकायची व्यवस्था फारशी झालीच नाही. म्हणूनच युरोप परिषदेनं २००८ च्या श्वेतपत्रिकेत आंतरसांस्कृतिक संवादावर भर दिला. त्यातली मोलाची गोष्ट अशी की बदलायचं फक्त आलेल्यानं नाही, यजमानाच्या मुलानंही शिकायचं.

वेगळं ठेवायचं की एकत्र बसवायचं, हा पेच कोल्हापूरला जुना आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या, धर्मांच्या वसतिगृहांना बळ दिलं, कारण गावाकडच्या पोराला शहरात राहायला जागाच मिळत नव्हती. पण अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा त्यांनी १९१९ मध्ये बंद केल्या आणि ती मुलं सर्वांच्या शाळेत बसवली. निवारा वेगळा चालेल, बाक एकच हवा. पुढे १९४३ मध्ये वळिवड्याच्या छावणीत हजारो पोलिश निर्वासित आले, तेव्हा त्यांच्या शाळा पोलिशमधून चालल्या. ते योग्यच होतं, त्यांना मायदेशी परतायची आस होती.

ऊसतोड मजुराचं मूल मात्र याच राज्याचं आहे. शिक्षणहक्क कायद्यानं त्याला जवळच्या शाळेत, वयानुरूप वर्गात बसायचा अधिकार दिला आहे. दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही. हजेरीपटावर नाव चढतं, पुढचं काम अवघड असतं. बंजारा मूल घरी गोरमाटी बोलतं, बीडच्या मुलाचा हेल इथल्या वर्गाला हसू आणतो, आणि हसण्याला भिऊन पोर दुसऱ्या दिवशी फिरकत नाही.

युरोप परिषदेनं २००९ मध्ये मुलांसाठी एक नोंदवही तयार केली. वेगळ्या संस्कृतीतलं माणूस भेटलं तर काय घडलं, तुला काय वाटलं, त्याला काय वाटलं असेल, असे प्रश्न तिच्यात आहेत. जानेवारीत गाळप ऐन भरात असताना वारणेच्या शाळांनी असे प्रश्न दोन्हीकडच्या मुलांना विचारावेत, आणि आधी इथल्या बागायतदारांच्या मुलांना.