ट्रेलर घेताना ओढण्याबरोबर थांबण्याचाही हिशेब करा

न्हावा शेवा बंदर 1989 साली सुरू झाले आणि कंटेनर वाहतुकीच्या धंद्याला बरकत आली. या धंद्यात अनेक जण क्लीनरचे चालक झाले, चालकाचे मालक झाले. पण कर्ज काढून गाडी घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘इंजिन किती हॉर्सपॉवरचे?’ भरलेला ट्रेलर बोरघाट चढतो की नाही, ही अर्धीच परीक्षा झाली. तो घाट उतरताना ताब्यात राहतो की नाही, ही खरी परीक्षा.

आधी वजन पाहा. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरील वजनाची मर्यादा वाढवली आणि जोडगाडीची कमाल मर्यादा 49 टनांवरून 55 टन झाली. म्हणजे प्रत्येक गाडीत 55 टन भरता येतात असे नाही. ॲक्सल किती आहेत आणि आर.सी.वर काय लिहिले आहे, तेच खरे. समजा, जोडगाडीचे मंजूर वजन 45.5 टन आहे. त्यातून रिकामा ट्रक व ट्रेलर मिळून 15.5 टन आणि रिकामा चाळीस फुटी कंटेनर सुमारे 4 टन वजा करा. मालासाठी उरले 26 टन. रोजचा माल याहून जड असेल, तर जास्त ॲक्सलची गाडी घ्यावी.

जादा माल भरल्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवून ठेवावा लागतो. हा कायदा केवळ चालकाला नाही, तर तशी गाडी चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे.

माल कसा भरला, हेही महत्त्वाचे. सारा भार मागे गेला तर ट्रकच्या मागच्या चाकांची पकड कमी होते. अशा वेळी ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यास गाडी मध्येच दुमडू शकते.

निघण्यापूर्वी पाच मिनिटे द्या. किंग-पिन नीट अडकली आहे का, ते खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहा. मग ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रक पहिल्या गिअरमध्ये हळूच पुढे ओढून पाहा. हवेचे पाइप, टायर आणि कंटेनरची चारही कोपऱ्यांची लॉक तपासा.

उतार लागण्यापूर्वीच गिअर खाली घ्या. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. सतत ब्रेक दाबल्याने लायनर तापतात आणि पकड जाते. म्हणून गाडी गिअरने व एक्झॉस्ट ब्रेकने आवरावी आणि पायाचा ब्रेक थोडा थोडा वापरावा.

व्यापारी बांधवांनीही काट्याची खरी पावती द्यावी. ‘दोन टन जास्त चालतील’ असे म्हणणारा घाटात गाडीत बसलेला नसतो.