पैनगंगेवरील नौकाविहार

बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही आणि वर्षभर दुथडी भरून वाहणारी नदीही नाही. तरीही नौकाविहाराची हौस येथे पुरविता येते. मात्र त्यासाठी नदीचा स्वभाव आधी जाणून घ्यावा लागतो.

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत, घाटमाथ्यावर वसले आहे. या माथ्यावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा फुटतात. उत्तरेकडे उतरणारे पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्यांतून पूर्णेला मिळते व तापीबरोबर अरबी समुद्रात जाते. दक्षिणेकडचे पाणी पैनगंगेत येते. ही नदी मेहकरवरून पुढे वाहत जाऊन वर्धेला मिळते आणि तिचे पाणी अखेर गोदावरीतून बंगालच्या उपसागरास पोहोचते. एकाच माथ्यावरचे दोन थेंब असे दोन समुद्रांना जातात!

या नद्या पावसावर अवलंबून आहेत. येथील काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही. म्हणून मोठी सर कोसळली की पाणी वेगाने पात्रात धावते आणि थोड्याच वेळात पूर येतो. उन्हाळ्यात हेच पात्र जागोजागी कोरडे पडते व केवळ डोह उरतात. तेव्हा विहाराला योग्य काळ कोणता? पावसाळा संपून पाणी निवळते आणि जलाशय भरलेले असतात, तो कार्तिक ते पौष हाच होय.

स्थळ निवडताना वाहत्या धारेपेक्षा संथ पाणी बरे. पैनगंगेवर मेहकर तालुक्यात पेनटाकळीचे धरण आहे. अशा जलाशयाच्या काठाकाठाने जाणारा मार्ग नवशिक्याला सोयीचा असतो. तथापि हे पाणी शेतीचे व पिण्याचे आहे. म्हणून पाटबंधाऱ्याच्या अधिकाऱ्यांची परवानगी घेतल्यावाचून आणि जाणत्या वडीलधाऱ्यांच्या सोबतीवाचून तेथे कोणीही उतरू नये. मासेमारी करणाऱ्या काठावरच्या मंडळींना जाळी कोठे लावली आहेत, खडक कोठे बुडाले आहेत, हे आदराने विचारावे. त्यांच्याइतके ते पाणी दुसरे कोण जाणणार?

आता नावेचा विचार करू. एकट्या माणसाला वल्हवता येणारी ‘कयाक’ नावाची अरुंद होडी मूळची उत्तर ध्रुवाजवळील इन्युइट लोकांची. लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत व तीत बसून शिकारीस जात. आज ती प्लॅस्टिकचीही मिळते. तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांस पाते असते. एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे पाणी मागे सारले की ती सरळ पुढे जाते.

निघण्यापूर्वी थोडे गणित करावे. संथ पाण्यात होडीचा वेग ताशी ४ किलोमीटर आहे आणि वाऱ्यामुळे त्यात १ किलोमीटरचा फरक पडतो, असे समजा. वाऱ्याविरुद्ध ३ किलोमीटर जाण्यास १ तास लागेल. वाऱ्याबरोबर परतण्यास ३६ मिनिटे पुरतील. उलट क्रमाने गेलो तरी एकूण वेळ तेवढाच, म्हणजे ९६ मिनिटे! मग फरक कोठे पडतो? दमलेल्या हातांना परतताना वारा साथ देतो की अडवितो, यात. म्हणून आधी वाऱ्याविरुद्ध जावे. सकाळी लवकर निघावे आणि परत फिरण्याची वेळ काठावरच ठरवावी.

अंगात जीवरक्षक जाकीट असलेच पाहिजे. पोहता येणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. पिण्याचे पाणी, टोपी व शिट्टी जवळ ठेवावी. कोठे जाणार व केव्हा परतणार, हे घरी सांगून निघावे. होडी उलटलीच तर तिला धरून राहावे. ती तरंगत राहते आणि शोधणाऱ्यास लांबून दिसते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अखेरीस सांगावयाची आहे. डोक्यावर आकाश निरभ्र असले तरी घाटात पाऊस झाला असेल, तर खाली पाणी वाढते. बुलढाण्याजवळील येळगावच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला पोहोचले की माणसाची वाट न पाहता ते उघडतात. म्हणून पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या व पाचोळा वाहत येऊ लागला, की क्षणभरही न थांबता काठ गाठावा. महिनाभर आखलेला बेत अशा वेळी मोडावा लागला, तर मन खट्टू होते, हे खरे. परंतु बेत पुढल्या हिवाळ्यातही करता येतो. गेलेला जीव परत आणता येत नाही.

जो नदीचे ऐकतो, त्यालाच ती आपले वैभव दाखविते. कोवळ्या उन्हात चमकणारे पाणी, उत्तरेकडून आलेल्या चक्रवाकांची जोडी आणि वल्ह्याचा मंद नाद यांचा आनंद घेत सुखरूप घरी येणे, हाच खरा नौकाविहार होय.

स्वाध्याय
१. घाटमाथ्यावरील पावसाचे पाणी दोन समुद्रांना कसे मिळते?
२. आधी वाऱ्याविरुद्ध का जावे?
३. तुमच्या गावाजवळच्या नदीचा स्वभाव वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.