पहिले ख्रिस्ती प्रवचनकार काय सांगत होते?

नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या झाडीपट्टीत मांडवात बसून ऐकण्याची परंपरा जुनी आहे. कीर्तन असो, भागवत सप्ताह असो की रात्रभर रंगणारे नाटक, इथला श्रोता मुरलेला आहे. ख्रिस्ती प्रवचनाबद्दल मात्र ऐकीव गोष्टीच जास्त. सुरुवातीच्या प्रवचनांचा वृत्तान्त नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. तो उघडून वाचला की अनेक समजुती गळून पडतात.

गैरसमज : पहिले प्रचारक नरकाची भीती घालत.

वस्तुस्थिती : यरुशलेमात पन्नासाव्या दिवसाच्या सणाला येशूचा शिष्य पेत्र बोलायला उभा राहिला, तेव्हा काही जण शिष्यांची थट्टा करत होते की हे प्यायलेले दिसतात. पेत्राने आधी तोच आरोप खोडला : आता कुठे सकाळचे नऊ वाजलेत! मग योएल संदेष्टा, दावीदाची स्तोत्रे आणि तिथून थेट मुद्दा : तुम्ही ज्या येशूला मारले, त्याला देवाने उठवले. शेवटी पश्चात्तापाचे आणि बाप्तिस्म्याचे आवाहन. या पुस्तकातल्या प्रवचनांत न्यायाच्या दिवसाचा उल्लेख येतो, पण नरकयातनांचे वर्णन कुठेही नाही. भर आहे तो पुनरुत्थानावर.

गैरसमज : मुख्य भर नीतिबोधावर होता.

वस्तुस्थिती : शेजाऱ्यावर प्रीती, क्षमा, दानधर्म ही शिकवण होतीच, पण अनोळखी जमावापुढे ते आधी घडलेली घटना सांगत. आपण साक्षीदार आहोत, हे ते पुन्हा पुन्हा बजावत. करिंथच्या मंडळीला इसवी सन 55च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल साक्षीदारांची यादीच देतो : पेत्र, बारा शिष्य, मग पाचशेहून अधिक माणसे, आणि त्यांतली बहुतेक अजून हयात आहेत. शिवाय ही गोष्ट आपल्यालाही इतरांकडून मिळाली, असे तो स्पष्ट सांगतो. म्हणजे हा गाभा पत्राहूनही जुना. ‘कृत्ये’मधली भाषणे लेखकाने सारांशाने मांडली आहेत. ती शब्दशः टिपणे नव्हेत. तरी गाभा दोन्हीकडे एकच.

गैरसमज : सगळीकडे एकच ठरीव भाषण होई.

वस्तुस्थिती : यहुद्यांसमोर धर्मग्रंथांचा आधार घेतला जाई. लुस्त्र गावात पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांनी ग्रंथाचे नावही काढले नाही. त्यांनी सांगितले की आकाशातून पाऊस आणि हंगामाचे पीक देणारा तो देव. धानाच्या शेतीवर जगणाऱ्या नागभीडकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. अथेन्समध्ये पौलाने सुरुवात केली ती ‘अज्ञात देवा’च्या वेदीपासून, आणि दाखला दिला ग्रीक कवींचा. श्रोता बदलला की वाट बदले, मुक्काम बदलत नसे.

गैरसमज : मराठीत हे प्रवचन इंग्रजी राज्याबरोबर, इंग्रजी वळणाने आले.

वस्तुस्थिती : फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. मराठी ओवीतले हे पुराण पेशवाईच्याही आधीचे. पुढे अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तने उभी राहिली. रेव्हरंड ना. वा. टिळक यांना नागपूर-राजनांदगाव प्रवासात आगगाडीत एका युरोपियनाने नवा करार दिला. त्यांना पहिल्यांदा ओढ लावली ती येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंगाचा आणि कीर्तनाचाच मार्ग धरला.

आपल्या विदर्भातही हेच दिसते. 1845 मध्ये नागपुरात आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी मराठीत प्रवचने केली, शाळा काढली आणि गोंडांचे लिंगो-गीत टिपून घेतले. 1863 मध्ये टाकळघाटजवळ पुरात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे हे टिपण 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. चांद्यात काही काळ काम केलेले नेहेम्या गोरे हे तर काशीत वाढलेले शास्त्री. त्यांचा भर षड्दर्शनांशी तर्काने वाद करण्यावर होता.

मेलेला माणूस उठला, हे मानायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. पहिल्या श्रोत्यांतही काहींनी मानले, काहींनी हसण्यावारी नेले. पण वाद घालायचा तर याच दाव्याशी घालावा. जे ते बोललेच नाहीत, ते त्यांच्या तोंडी घालू नये.